केंद्रात दाखवलेला सिनेमा

त्या दुपारी वांग्याच्या वावरात माझ्या नवऱ्यानं मला ओळखलं नाही.

दोन दिवसांपूर्वी त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतली होती, आणि खरंच थेंबालाही शिवले नव्हते. मी मनातून खूष होते. शपथ पाळली की माणूस सुधारतो, एवढंच मला ठाऊक. बारा-तेरा वर्षं रोज पिणाऱ्या शरीराची दारू एकदम तोडली की ते काय करतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना झाडांच्या बुडाशी साप दिसत होते. हातातल्या विळ्यानं ते एकेक झाड तोडत सुटले होते, फुलावर आलेली झाडं. मी हाक मारली तसे गर्रकन वळले.

"तू कोन व्हय? कोनं धाडलं तुले?"

विळ्याचं टोक माझ्याकडे होतं. पळावं तर मागे धावतील, आणि मागे वावरातल्या खोपटात लेक अभ्यास करत बसलेली. काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "मी मजुरीनं आली. वांगी तोडाले."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "तोड मंग. पन खाली पाहून तोड, बाई. लय हायेत."

मी तोडायला लागले. शेजारच्या वावरातून हे पाहून माझा दीर दोन माणसं घेऊन येईपर्यंत, माझ्याच वावरात, माझ्याच नवऱ्याशेजारी, मी परकी बाई होऊन वांगी तोडत राहिले. मधूनमधून ते मला सापांपासून सावध करत होते. त्यांच्या आवाजात माझ्यासाठी काळजी होती, आणि तीच मला विळ्यापेक्षा जास्त भीती घालत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की असं अचानक सोडलं तर जीवही जातो. आठवडाभर सलाइन लावून ठेवलं. माणसं ओळखू लागल्यावर ते फार बोलेनासे झाले. वावरातलं त्यांना काही आठवत नव्हतं आणि मीही काही सांगितलं नाही. तिथूनच दीर आणि मी त्यांना वाशीमच्या व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेलो. फाटकाला आतून कुलूप होतं. ते लावताना झालेला आवाज ऐकून मला हायसं वाटलं, आणि आमच्या इंझोरी गावापर्यंतच्या बसमध्ये त्या हायसं वाटण्याची लाज वाटत राहिली.

तीन आठवड्यांनी केंद्रातून फोन आला. रविवारी घरच्यांना बोलावलं होतं. पेशंट आणि घरचे मिळून एक सिनेमा पाहायचा आणि मग त्यावर बोलायचं, असा तिथला रिवाज. केंद्र चालवणारे सर स्वतः एकेकाळी पिणारे होते. ते सांगायचे की उपदेशानं पिणाऱ्याचे कान किटलेले असतात, त्याला दुसऱ्या कुणाची गोष्ट दाखवलेली बरी.

भर दुपारी खिडक्यांवर सोलापुरी चादरी टांगून हॉलमध्ये अंधार केला होता. सतरंजीवर एका बाजूला आम्ही, एका बाजूला ते तीसेक जण. सगळ्यांचे केस बारीक कापलेले. माझा नवरा तिसऱ्या रांगेत होता. अंगावर थोडं मांस आलं होतं. मला पाहून त्यांनी मान हलवली, पाहुण्याला हलवतात तशी.

सिनेमा हिंदी होता. शहरातला एक बँकेतला माणूस, त्याची दारू, त्याची बायको, मग असंच एक केंद्र. तिथं तो रडतो, भांडतो, हळूहळू बरा होतो. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. मला रडू आलं नाही, कारण सिनेमा अर्धाच झाला होता आणि तो माणूस घरी निघाला होता.

आमच्याकडेही ते घरी यायला आठच दिवस उरले होते. लेक रोज कॅलेंडरवर फुली मारायची. मला मात्र त्या फुल्या पाहवत नसत, आणि हे मी कुणालाही सांगू शकत नव्हते. नवरा बरा होऊन घरी येतोय आणि बायकोला धास्ती वाटते, हे कोण ऐकून घेणार?

पडद्यावरचा माणूस घरी आला. बायकोनं ओवाळलं. दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेली, आणि कपाट आवरताना त्याच्या हाताला जुन्या कपड्यांमागे एक बाटली लागली. विसरलेली, अर्धी भरलेली. त्यानं ती उजेडात धरली.

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मी पडद्याकडे पाहायचं सोडून तिसऱ्या रांगेत पाहिलं. पडद्याचा उजेड नवऱ्याच्या तोंडावर पडला होता. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मग आणखी एकदा. ओठ किंचित उघडे होते. तान्ह्या लेकराला बाटली दिसल्यावर ते जसं पाहतं, तसं ते पाहत होते.

मग ते उठले आणि दारातून बाहेर गेले.

मीही उठले. सिनेमा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही असा नियम होता, पण मला कुणी अडवलं नाही. व्हरांड्यात ते नव्हते. फाटकाचं कुलूप पाहिलं, लावलेलं होतं. मागची भिंत छातीएवढीच. तिच्यापलीकडे रस्ता, आणि त्या रस्त्यानं चालत गेलं तर देशीच्या दुकानापर्यंत किती वेळ लागेल, हे मी येतानाच मनात मोजून ठेवलं होतं. मी भिंतीकडे धावले.

ते पाण्याच्या टाकीमागे होते. नळ पूर्ण सोडून त्याखाली डोकं धरलं होतं. मी जवळ गेले तरी मान वर केली नाही.

"त्याच्या हातातली बाटली पाह्यली अन् माह्या तोंडाले पानी सुटलं," ते म्हणाले. "एवढे दिवस झाले, मले वाटलं गेलं सारं. नाई गेलं. मले माहंच भेव लागून राह्यलं."

मी नळ बंद केला.

"आठ दिवसांनं मले घरी नको नेऊ. सरायले सांग, ठेवा म्हना अजून."

इतकी वर्षं मला वाटत होतं की भीती एकट्या माझ्या वाट्याला आली आहे आणि त्यांच्या वाट्याला नुसती नशा. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. तो नळाच्या पाण्यानं गार पडला होता. त्या दिवशी मी त्यांना वावरातली दुपार सांगितली. विळा, साप, मजुरीची बाई, सगळं. त्यांनी ते उभ्यानंच ऐकलं आणि शेवटी विचारलं, "तुले लागलं नाई ना कुठं?"

सिनेमाचा शेवट आम्ही दोघांनीही पाहिला नाही.

सरांनी आणखी दोन महिने ठेवून घेतलं. मग ते घरी आले. भलत्या वेळी त्यांच्या हाताला लागू नये म्हणून फवारणीचं विषारी औषध मी दिराकडे नेऊन ठेवलं. ते बाहेरून आले की पाण्याचा गिलास देण्याच्या निमित्तानं जवळ जाऊन वास घ्यायची. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. एक दिवस दारातच थांबून त्यांनी माझ्या तोंडावर श्वास सोडला आणि आत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी दुसऱ्या दिवशी मी वास घेतलाच.

पाचव्या महिन्यात पोहरादेवीची यात्रा आली. जेवणावळींना भाजी लागते, म्हणून आम्ही वांगी आणि टमाटे घेऊन गेलो. दुपारपर्यंत माल संपत आला. ते रिकामी कॅरेट आणायला टेम्पोकडे गेले आणि परत आलेच नाहीत.

शेजारच्या भाजीवालीला दुकान पाहायला सांगून मी निघाले. टेम्पोपाशी नव्हते. गर्दीत मला सगळ्या पाठी त्यांच्याच वाटत होत्या. झाडांखाली माणसं झोपलेली होती, तोंडावर दुपटी घेऊन. मी वाकून एकेकाचं दुपटं वर करून पाहत गेले. एक म्हातारा दचकून उठला आणि रागावला. मी हात जोडले आणि पुढच्याकडे गेले. दोन तास. शेवटी दुकानापाशी परत आले तेव्हा ते समोरून येताना दिसले, सरळ चालत. तीन हातांवर थांबले.

"जवळ येऊ नको," म्हणाले. "मी पेलो. कोनी पाजली नाई, मीच गेलतो. मले आजच्या आज तिकडं नेऊन सोड."

पूर्वी तोंडाला भपकारा असतानाही ते न प्यायल्याच्या शपथा घ्यायचे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. घरी न जाता, अंगावरच्या मातीच्या कपड्यांनी, आम्ही तसेच वाशीमच्या गाडीत बसलो. वाटेत प्रत्येक थांब्यावर मला वाटायचं, आता उतरतील. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसले होते. ते उतरले नाहीत. फाटक उघडणाऱ्या सरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. म्हणाले, "जेवले का?"

या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. परत त्यांनी घेतलेली नाही, निदान आजपर्यंत तरी नाही. सरांनी एक सवय लावून दिली आहे. रोज दुपारी चारला, वावरात असोत की घरी, ते मला सांगतात, आज तलफ आली की नाही. मला ते ऐकायला आवडत नाही. पण ऐकते.

काल कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना म्हणाले, "आज दोनदा आली. आता बी हाये."

मी जुडी खाली ठेवली आणि चुलीवर चहा टाकला. तलफ जाईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो. बराच वेळ लागला.