खुंटीवरचा पट्टा

मी चाकूर सोडलं त्या सकाळी आप्पांनी आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा उतरवला. दुष्काळाचं दुसरं वर्ष, दळायला कोणी येत नव्हतं. स्टँडवरच्या पाटीवर उस्मानाबाद पुसून नुकतंच ‘जिल्हा लातूर’ रंगवलं होतं. जिल्हा नवा झाला, पाणी मात्र टँकरचंच. पट्टा खुंटीला अडकवत आप्पा म्हणाले, “काम न्हाई तर ताणून ठेवू न्हाई, तडकतो. पाऊस झाला की दोघं मिळून चढवू.” त्याला दोघंच लागत. एकानं पुली हातानं फिरवायची, दुसऱ्यानं पट्टा सरकवायचा. “व्हय,” म्हणालो आणि बस धरली.

मस्कतला बोलिंगच्या हॉलमध्ये काम मिळालं. चेंडूनं पाडलेल्या पिना पुन्हा उभ्या करणारी बारा मशिनं होती. त्यांच्या मागं, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, मोटारीच्या पुल्या सांभाळायच्या: ढिले स्क्रू आवळायचे, पुल्या एका रेषेत आणायच्या, पट्टा अंगठ्यानं दाबून ताण बघायचा. गिरणीवाल्याच्या पोराला त्यात नवं काही नव्हतं.

पहिल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मल्याळी सुपरवायझर म्हणाला, उद्या हॉल बंद. मी निघताना बाराही मशिनचे पट्टे उतरवून खिळ्यांना टांगले. सुट्टीनंतर गिऱ्हाइकं बूट घालून उभी, आणि एकही मशीन चालेना. सुपरवायझर मागं आला, खिळ्यांवरचे पट्टे बघितले. “अरे, एक दिन का बंद था,” एवढंच म्हणाला. आमच्याकडे बंद म्हणजे पाऊस पडेपर्यंत बंद, हे त्याला काय सांगणार?

गावी पाऊस झाला तेव्हा आप्पांचं पत्र आलं: “पट्टा चढवायचा हाय. कवा येतूस?” मी नुकताच करार वाढवून घेतला होता. शेजारच्या कुणाला तरी बोलवा, असं दोन ओळींत लिहून मोकळा झालो. त्या दोन ओळींची आजही लाज वाटते.

त्यांनी कुणाला बोलावलं नाही. “पोरगं येतो म्हनलंय,” असं लोकांना सांगत राहिले आणि लोक स्टँडजवळच्या विजेच्या चक्कीकडे जाऊ लागले. मी पोचलो तेव्हा आप्पांना जाऊन पाच दिवस झाले होते. पट्टा खुंटीवरच होता. उतरवून सरळ करायला गेलो तर खुंटीच्या वळणावर तडकला.

माझ्यासारखे जे निघाले, ते काय कबूल करून निघाले हे त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्यासाठी घर म्हणजे आता ती खुंटी. परवा आई फोनवर म्हणाली, “रिकामीच हाय, काढून टाकू का?” मी म्हणालो, राहू दे.