शनिवारचं व्हिएतनामी डुक्कर

आमच्याकडे चार माणसं जेवायला जमली की कुणीतरी विषय काढतंच, "शुभदा, तुझा तो ठशांचा क्लास सांग ना." आणि एक सांगायला घ्यावं तर शेपटाला धरून दुसरं बाहेर येतं.

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका ॲडल्ट एज्युकेशन सेंटरमध्ये शनिवारचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळलं. तिथे फ्रेंच होतं, केक डेकोरेशन होतं, कार मेंटेनन्स होतं. या सगळ्यांनी मिळून मला जेवढा ताप दिला नाही, तेवढा एकट्या मिस्टर थाननी दिला.

मिस्टर थान साठीचे, किडकिडीत, कायम एकाच राखाडी कार्डिगनमध्ये. उत्तर व्हिएतनाममध्ये घरोघरी लाकडी ठशांनी चित्रं छापणारं एक गाव आहे, तिथले. नवीन वर्षाला लोक ती चित्रं घेऊन भिंतीला चिकटवतात. डुक्कर, कोंबडी, उंदरांचं लग्न. होडीतून देश सोडला, हाँगकाँगच्या कॅम्पमध्ये राहिले आणि ऐंशीच्या दशकात इथे आले. आमच्या मॅनेजरला, कॉलिनला, तेव्हा काहीतरी मल्टिकल्चरल हवंच होतं. त्याने क्लासची घोषणा केली आणि बाकीचं सगळं माझ्या टेबलावर ढकललं.

*

पहिल्या शनिवारी अकराजण आले. मिस्टर थाननी प्रत्येकाच्या हातात ब्रश दिला. शिंपल्यांची पूड तांदळाच्या खळीत कालवायची आणि छपाईआधी कागदावर एका दिशेने फासायची. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारीही तेच.

चौथ्या शनिवारी मार्गारेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मार्गारेट म्हणजे रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. तिच्यापुढे आपोआप पाठ ताठ होते.

"मी चित्र छापायला आले आहे," ती म्हणाली, "भिंती रंगवायला नाही."

मी तिला घेऊन आत गेले. मिस्टर थाननी तिचा कागद खिडकीशी धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "टुडे, ऑलमोस्ट पेपर."

आता ही बया फी परत मागणार, असं मला वाटलं. तर ती दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटली, "माझा ऑलमोस्ट आला."

*

ब्रशचंही एक प्रकरण झालं. खळ फासायला त्यांना पाइनच्या सुयांचाच ब्रश हवा. साध्या ब्रशने कागदावर ती चमकदार रेघ उठत नाही म्हणे. जानेवारीत लोक ख्रिसमस ट्री फुटपाथवर टाकतात. मी आमची गाडी घेऊन तीन रस्ते फिरले आणि चार झाडं कोंबून आणली.

मिस्टर थाननी एक सुई तोडून अंगठ्याशी लावली. "शॉर्ट."

"सगळ्याच?"

"सेम ट्री. ऑल शॉर्ट."

पुढे एप्रिलपर्यंत आमच्या गाडीच्या सीटमधून सुया निघत होत्या. माझा नवरा श्रीकांत भूलतज्ज्ञ. तो एकदा वैतागून म्हणाला, "वॉर्डमधली सिस्टर विचारत होती, डॉक्टर, तुम्ही जंगलात राहता का?"

लांब सुयांचा पाइन शेवटी कॉलिनच्या घरासमोर सापडला. कॉलिनला ते अजून माहीत नाही.

*

मग सेफ्टीचा फॉर्म आला. क्लासमध्ये पूड वापरता, तर ती कसली ते लिहा.

पदार्थ: शिंपले. कुठून आला: समुद्रातून. सप्लायर: कुणी नाही, मिस्टर थान स्वतः वेचून आणतात.

फॉर्म परत आला. सप्लायरचा पत्ता आवश्यक आहे.

मी फोन केला. "अहो, समुद्रच सप्लायर आहे."

"मग समुद्राचा पत्ता लिहा," पलीकडचा माणूस अगदी गंभीरपणे म्हणाला.

मी लिहिलं, ब्रायटन. फॉर्म पास झाला.

*

मिस्टर थाननी सोबत आणलेलं उंदरांच्या लग्नाचं चित्र कॉलिनला फार आवडलं. नवरदेव उंदीर घोड्यावर, मागे पालखीत नवरी, आणि पुढे चार उंदीर एका थोराड मांजराला मासा नि पक्षी नजराणा म्हणून देताहेत.

"हे मांजर लग्नात काय करतं?" कॉलिनने विचारलं.

मिस्टर थाननी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात खोलीची चावी मिळावी म्हणून आम्ही दोघांनी कॉलिनला तीन वेळा अर्ज दिला होता.

"परमिशन देतं," ते म्हणाले.

कॉलिनने ते चित्र स्वतःच्या खुर्चीमागे लावलं.

*

डुकराची गोष्ट मात्र मी हसत सांगू शकत नाही.

या चित्रांत दर रंगाला वेगळा ठसा असतो. सगळ्यात शेवटी काळा. रेघा त्याच्यावरच असतात, त्यामुळे तो पडेपर्यंत नुसते रंगाचे डाग दिसतात. आमचा क्लास आठवड्यामागून आठवडे लाल छापी, पिवळा छापी, हिरवा छापी. काळ्याचं नाव नाही. माहितीपत्रकात मी डुक्कर कबूल केलं होतं आणि लोक मला धारेवर धरत होते.

अखेर मार्गारेटचा तोल गेला. "मिस्टर थान, आम्ही इथे बटाटे छापतोय का?"

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "फादर्स ब्लॅक ब्लॉक, पिगचा, बोटीवर जाळला. बेबीचं दूध गरम करायला."

कुणाचं बाळ, पुढे काय झालं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मीच इतके दिवस त्यांच्यामागे "काळा कधी, काळा कधी" म्हणून लागले होते. मला भांडी धुवायच्या निमित्ताने बाहेर जावं लागलं.

पुढच्या शनिवारी मार्गारेटने पेअरच्या लाकडाची एक फळी आणली. वडिलांच्या कपाटाची होती. कपाटाचं काय केलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मला उभी कपाटं आवडत नाहीत."

मिस्टर थान पाच शनिवार आठवणीतून कोरत बसले. पहिला छाप निघाला. अंगावर दोन गोल भोवरे, पोट जमिनीला टेकलेलं, झकास डुक्कर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मान हलवली.

"नॉट फादर्स पिग. फादर्स पिग हसायचं."

मार्गारेटने चष्मा लावून पाहिलं. "हे क्रॉयडनचं डुक्कर आहे, मिस्टर थान. इथे त्याने कशाला हसायचं?"

मिस्टर थान इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

*

एका टर्मला सहाच नावं आली. आठ नसली तर क्लास बंद, असा नियम. आता काहीतरी करून दाखवायला हवं म्हणून आम्ही लायब्ररीत प्रदर्शन भरवलं. तिथे जवळच्या एका रजिस्ट्री ऑफिसच्या बाई आल्या आणि एका चित्रासमोर थबकल्या.

त्या चित्रात एक नवरा आहे आणि त्याला बिलगलेली दुसरी बाई. लग्नाची बायको कात्री घेऊन त्या दुसरीच्या केसांवर धावून आलीय, आणि पोरगं हात जोडून आईला आवरतंय.

"किती जिवंत! सगळं कुटुंब नाचतंय," बाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या खोलीत अगदी शोभेल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कॉलिनने माझा पाय दाबला. सरकारी ऑफिसात आमचं चित्र लागलं, एवढं रिपोर्टमध्ये आलं असतं तर क्लास वाचत होता. बाईंनी मिस्टर थानना विचारलं, "हे कुटुंबच ना?"

"फॅमिली," मिस्टर थान म्हणाले. "व्हेरी बिझी."

क्लास वाचला. माझी मात्र झोप उडाली. दर शनिवारी कितीतरी जोडपी त्या कात्रीखाली उभी राहून सह्या करत असतील, हे डोक्यातून जाईना. वर्षभराने शेजारच्या मुलीच्या लग्नाला त्याच ऑफिसात जायची वेळ आली. खोलीत शिरले तर भिंतीवर चित्र नाही.

मी त्या बाईंना बाजूला घेतलं. "ते चित्र..."

"हो, एका व्हिएतनामी नवरीच्या आजीने आम्हाला सगळा अर्थ समजावून सांगितला."

"मला माफ करा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"छे, माफी कसली? इथे वर येईपर्यंत उशीर झालेला असतो, मग त्याचा काय उपयोग? महिनाभर आधी जोडपी लग्नाची नोटीस द्यायला येतात ना, त्या खालच्या काउंटरवर लावलंय."