गल्लीतला गोंधळ अन् माझ्या पायाचा अंगठा

दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्यातला मी नाही. कोणाच्या अंगात आलं तर मी त्या घरचा चहासुद्धा न पिता उठून येतो. पंच्याहत्तरी उलटली, आजपर्यंत एक भूत दिसलं नाही, अन् दिसावं असं वाटलंही नाही. तरी हे सांगून राहिलो, कारण झालं ते माझ्याच सोबत झालं... दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी त्याले वेड्यात काढलं असतं. शिक्षण चौथी. फोनमध्ये बोललं की तो लिहिते, तसं लिहिलं आहे. चुका पोटात घाला.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण सगळी जिंदगी रायपुरात गेली. बूढापाऱ्यात तलावाच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, रस्त्याकडे खिडकी, खिडकीले लागून माझी लोखंडी खाट. खाली किराण्याचं दुकान. दुकान बंद झालं की त्याच्या ओट्यावर पोट्टे येऊन बसत. मोबाईलवर गाणे, गाडीचा सायलेन्सर फाडलेला, अन् प्रत्येक वाक्यात आई-बहिणीच्या शिव्या.

मले त्याचा काही त्रास नव्हता. रेल्वेच्या वर्कशॉपात जन्मभर रिबिटा ठोकल्या, दोन्ही कान तिथंच ठेवून आलो. दिवसा कानाचं मशीन लावतो, झोपताना काढून ठेवतो. मग खिडकीखाली बॉम्ब फुटला तरी मी घोरत राहीन.

त्रास होता कमलले — माझ्या बायकोले. गाण्याचा नाही, शिव्यांचा. खाली सुरू झालं की ती मले उठवायची. तिनं जन्मात माझं नाव घेतलं नाही, अन् "अहो" मले ऐकू येत नव्हतं. म्हणून ती पायाचा अंगठा धरून ओढायची. उजव्या पायाचा. दोनदा, जोरात, विहिरीतून बादली ओढल्यासारखं. मी उठायचो, मशीन लावायचो.

"जा, सांगा त्या पोट्ट्यायले. आईच्या पोटातून निघाले अन् आईवरच शिव्या देऊन राहिले!"

"तूच जा ना."

"मी गेली तर चपलीनं मारीन."

म्हणून मी जायचो.

मागच्या मार्चात कमल गेली. दवाखान्यात नेली अन् तिथूनच गेली. मुलगा पुण्याले असते, तो म्हणे बाबा चला. मी नाही गेलो.

तेरवीचे पाहुणे परतले, त्याच आठवड्यात पहिल्यांदा झालं. झोपेत अंगठा ओढल्या गेला. दोनदा. मी उठून बसलो, सवयीनं मशीन लावलं... खाली पोट्टे. शिव्या. सवयीनंच खाली गेलो, "चला रे, घरी जा" म्हटलं, वर आलो. परत खाटेवर बसलो तेव्हा डोक्यात शिरलं — मले उठवलं कोणी?

स्वप्न म्हणून सोडून दिलं. पण मग होतच राहिलं. दरवाजा आतून बंद. उंदीर म्हणाल तर पायावर दात नाही, ओरखडा नाही. डॉक्टरले दाखवलं. तो म्हणे, काका, तुम्हाले शुगर आहे, नसा आखडतात. बरं बाबा, आखडत असतील. पण नसेले कसं कळते की खाली पोट्टे बसले? कारण ज्या रात्री पोट्टे नाही, त्या रात्री काहीच नाही.

मले वाटलं, आवाजानं खाट हालत असन. लोखंड आहे, थरथरते. मग लग्नसराईत गल्लीतून वरात गेली. धुमाल पार्टी होती — ट्रकवर नगारे अन् माणसाएवढे स्पीकर. मी पायाकडे ध्यान देऊन जागाच पडलो. खिडकीचे काच वाजून राहिले, खाट अशी हालली की खालचा पाण्याचा तांब्या सरकला. अंगठ्याले कोणी हात लावला नाही.

अन् कमलचंही तसंच होतं. वरातीले ती कधी काही बोलली नाही. "कोणाच्या लेकराचं लग्न आहे, वाजू द्या" म्हणायची, अन् नवरदेव पाहाले खिडकीत उभी राहायची.

तेव्हापासून मी विचार करणं सोडलं. लवकर जेवून पडायचो. पोट्टे आले पाहिजे, असं वाटायचं... खरं सांगतो. खाली जाऊन रागवायचो तेही असं, की ते उद्या परत यावे. "थोडं हळू बोला बेटा" — बस. गोलू म्हणून त्यांचा पुढारी आहे, बुलेटवाला. तो एकदा म्हणे, "कका, काकी के जाने के बाद आप बहुत सीधे हो गए."

दिवाळीनंतर समोरच्या साहूबाईच्या सुनेले लेकरू झालं. सातव्या महिन्यातलं, मुठीएवढं. गाडी फटफटली की दचकून उठे अन् निळं होईस्तोवर रडे. साहूबाई मले भाजीच्या ठेल्यापाशी थांबवून म्हणे, "कका, टुरा मन तुँहरे बात मानथें. बोल देव ना." पोट्टे तुमचंच ऐकतात, सांगा ना — असं.

मी "पाहतो" म्हटलं अन् वर निघून आलो. पाहिलं काहीच नाही. काहून पाहीन? पोट्टे गेले तर मले उठवाले कोण येईन?

त्यानंतर अंगठा ओढणं वाढलं. आधी दोनदा होतं, आता मी उठेस्तोवर ओढतच राहे. एका रात्री इतकं जोरात, की मी खाटेवर फूटभर खाली सरकलो. कमल काय म्हणत असन, हे समजाले मशीनीची गरज नाही पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच गोलूले गाठलं.

"बेटा, यहाँ बैठना बंद करो. आज से."

"क्या हुआ कका? किसने शिकायत की?"

"तेरी काकी ने."

तो हसला. मग माझं तोंड पाहून हसणं थांबलं. मी सगळं सांगितलं, अंगठ्यापासून धुमालपर्यंत.

"मतलब... काकी अभी भी ऊपर हैं?"

"तुम लोग गाली देते हो, तब आती है."

त्यानं एकदा खिडकीकडे पाहिलं. बुलेट सुरू नाही केली. ढकलत ढकलत गल्लीच्या वळणापर्यंत नेली.

त्या दिवसापासून ओटा रिकामा. पाऱ्यात, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात, बोलणं झालं, कका के घर में भूत है. मी कोणाले भूत म्हटलं नव्हतं. मी माझ्या बायकोचं सांगितलं होतं.

अंगठा तेव्हापासून कोणी ओढला नाही. शुगर तीच आहे, नसा त्याच, खाट तीच. डॉक्टरचं खरं मानावं, तर आताही व्हाले पाहिजे होतं. कमल होती म्हणावं, तर मेलेलं माणूस परत येत नाही, हे मी आजही मानतो. दोन्हीतलं एक खोटं आहे. कोणतं, ते मले समजत नाही, अन् कोणी समजावूनही सांगितलं नाही.

लेकरानं आता अंग धरलं. परवा साहूबाई उन्हात बसून त्याले तेल लावून राहिली होती. मले पाहून म्हणे, "अब तो बने नींद आवत होही, कका?" आता तरी चांगली झोप लागत असन — असं.

मी म्हटलं, "हव."