टॉवेल टाकून धरलेली जागा
परवा कोल्हापूरच्या स्टँडवर चंदगड गाडी लागली, कुणीतरी खिडकीतून सीटवर टॉवेल टाकला आणि मला वीस वर्षांपूर्वीचा आईचा टॉवेल आठवला. बहिणीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेला निघालो होतो. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं आम्हाला न घेताच उडालं. त्या परक्या विमानतळावर कडवट कॉफीचा वास, बोचरा एसी आणि बंद काउंटर उघडायची वाट बघत पांगलेली माणसं. आईनं पिशवीतला टॉवेल काढून काउंटरवर अंथरला आणि ती खाली मांडी घालून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काउंटर उघडताच गर्दी धावली. एका धिप्पाड गोऱ्यानं टॉवेल उचलला तशी आई गरजली, "ओ पावणं! टावेल ठेवा खाली. जागा धरलीया मी!" त्याला शब्द कळले नसतील, पण त्यानं टॉवेलची नीट घडी घालून तो परत ठेवला आणि मागं सरकला. त्याच्यामागचे सगळेच सरकले. पुढच्या विमानातल्या उरलेल्या दोन्ही जागा आम्हाला मिळाल्या, आणि भाची जन्मली तेव्हा आई बहिणीच्या उशाशी होती. परवा चंदगड गाडीतल्या त्या टॉवेलचा मालक शेवटपर्यंत आलाच नाही, तरी मी चंदगडपर्यंत उभ्यानंच गेलो. टॉवेल टाकलेल्या जागेवर बसायची माझी काय बिशाद!