गोदूमावशीसाठी आणलेला वूफर

लातूर शहरात एक भूकंप माझ्यामुळे झाला. त्याची नोंद कुठल्याही वेधशाळेत नाही, पण आमच्या गल्लीत तो अजून कुणी विसरलेलं नाही, आणि मी विसरावा अशी कुणाची इच्छाही दिसत नाही.

खरा भूकंप होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. किल्लारीच्या बाजूला आमचं आजोळ. त्या पहाटे ते गाव गेलं आणि आईची धाकटी बहीण, आमची गोदूमावशी, गेली. तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही. उरली ती एक कॅसेट. माझ्या थोरल्या बहिणीच्या हळदीत मी टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता, त्यात मावशीचं एक गाणं आलं होतं. आई दर रविवारी दुपारी ते लावायची. आमचा जुना टेप इतका खरखरायचा, की गाणं चाललंय की कुणी ज्वारी पाखडतंय हे मला कळायचं नाही. (आई मात्र डोळे मिटून सगळे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची.)

मग एका रविवारी टेपनं फीत गिळली. आम्ही झाकण उघडून, श्वास रोखून ती सोडवली आणि पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळली. शेवटाकडचा भाग चुरगळला होता, तुटला नव्हता. आई बाजूला बसून बघत होती.

"परत अडकली तर गोदी गेली बघ माझी," ती म्हणाली.

त्यानंतर नवा टेप आणणं टाळायची सोयच नव्हती.

त्या दिवसांत लातुरात ज्याच्या त्याच्या घरात शिकवणी निघालेली, आणि जिथं शिकवणी नाही तिथं शिकणारी पोरं भाड्यानं राहिलेली. आमच्याही मागच्या खोलीत डॉक्टर व्हायला आलेली पोरं होती. मी स्वतः एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. ध्वनी हा माझा हातखंडा धडा. अनुनाद म्हणजे काय, एका वस्तूच्या कंपनानं शेजारची वस्तू कशी थरथरते, हे मी इतकं रंगवून सांगायचो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होत. तेव्हा म्युझिक सिस्टिम निवडायला माझ्याइतका लायक माणूस गल्लीत नव्हता. (हे माझं मत. दुसऱ्या कुणाचं घेतलं नाही.)

आमची बैठकीची खोली म्हणजे एक पलंग, एक शोकेस आणि उरलेल्या जागेत माणसं. वर पत्रे. स्लॅब टाकायचं मनात होतं, पण भूकंपानंतर आई स्लॅबखाली पाऊल ठेवेना. "पत्रा पडला तर डोकं फुटंल. स्लॅब पडला तर माणूसच घावत न्हाई," ती म्हणायची. पलंगाच्या उशाशी फळीवर तिनं भांड्यांची उतरंड रचली होती. पालथा तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र, त्यावर वाटी. जमीन हलली की वाटी पडणार, वाटी पडली की पळायचं. तेव्हा बऱ्याच घरांत असली उतरंड असायची. आलेला पाहुणा आधी तिच्यापासून लांब बसायचा, मग पाणी मागायचा.

"शोकेसमध्ये मावलं पाहिजे," माझी बायको सुलभा म्हणाली.

"सर, जरा हळू वाजंल असं बघा. परीक्षा हाय," पोरं म्हणाली.

"मला गोदी बोलल्यागत ऐकू आली म्हंजे बास," आई म्हणाली.

तिघांच्या म्हणण्यात बसणारा सेट एकच होता. छोटा, साधा, स्वच्छ आवाजाचा. एवढं कळायला फिजिक्स लागत नाही. कदाचित म्हणूनच मला कळलं नाही.

गंजगोलाईच्या बाजारात आमच्या जुन्या ओळखीच्या जब्बारभाईंचं दुकान होतं. आई आली नाही, कारण दुकानाच्या डोक्यावर मजले होते. जब्बारभाईंनी आधी तो छोटा सेट लावून दाखवला. मी मान डोलावली. तिथंच थांबायला हवं होतं.

"ह्यो बी चांगला हाय सर," जब्बारभाई म्हणाले, "पण तुमच्यासारखा फिजिक्सवाला वूफरबिगर सेट घेऊन गेला, तर बाजार मला काय म्हणंल?"

"वूफर कशाला? आईला एक कॅसेट ऐकायचीय."

"ऐका तर आधी."

त्यांनी बटण दाबलं. ढोलकीचा पहिला ठोका कानात न येता थेट बरगड्यांत आला.

"कुठं ऐकू आलं?"

"छातीत."

"मग अम्मांना बी तिथंच ऐकू येईल की."

या वाक्यापुढं कुणीही विरघळलं असतं. मी तर विरघळून वर त्या वूफरच्या कंपनांवर दुकानातल्या गिऱ्हाइकांना चार वाक्यं ऐकवली. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की दुकानावर स्लॅब आहे आणि आमच्या घरावर पत्रे.

रविवारी दुपारी जब्बारभाई स्वतः सेट जोडायला आले. सुलभानं शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या हलवून स्पीकरना जागा केली. वूफरच्या खोक्याला जागा उरली ती पलंगाखाली. आई ठेवणीतलं इरकल नेसून, कॅसेट मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली होती. बहीण भेटायला यायची असल्यासारखी.

"तुमची कॅसेट नाजूक हाय अम्मा," जब्बारभाई म्हणाले. "आधी माझी लावून मशीन बघतो."

हे शहाणपणाचंच होतं. पण दाखवायला आणलेल्या मशीनचा आवाज कुणी कमी ठेवत नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही.

पलंगाखालून गुरगुर निघाली. ती भिंतीत शिरली, भिंतीतून पत्र्यांत गेली, आणि पत्रे सगळे मिळून घुमायला लागले. शोकेसच्या काचा वाजल्या. माझा हातखंडा धडा माझ्याच डोक्यावर चालू झाला होता. आणि वाटी पडली.

"पळा," आई म्हणाली. ओरडली नाही. एका हातानं सुलभाला धरलं, दुसऱ्या हातात कॅसेट, आणि ती बाहेर. जब्बारभाई तिच्या आधीच बाहेर पोचले होते, हातात रिमोट तसाच. मागच्या खोलीतली पोरं पुस्तकांसकट आली. आणि मी? ज्यानं वूफर आणला, आवाज कुठून येतोय हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तोही पळाला. अनवाणी!

आम्ही पळालो म्हणून शेजारी पळाले, शेजारी पळाले म्हणून गल्ली पळाली. लातुरात तेव्हा कुणी पळालं तर कारण विचारायची रीत नव्हती. देशमुखवहिनी कणकेच्या हातांनी आल्या, शिंदे गुरुजी अर्ध्या गालाला साबण लावून आले. सगळे रस्त्याच्या मधोमध, आपापल्या घराकडं बघत उभे. घरं जागच्या जागी होती. पत्रे वाजत होते, पण फक्त आमचे.

शिंदे गुरुजींनी थोडा वेळ ऐकलं. "सर," ते म्हणाले, "भूकंप तुमच्या एकट्याच्याच घरात हाय का हो?"

जब्बारभाईंचं लक्ष हातातल्या रिमोटकडं गेलं. त्यांनी बटण दाबलं आणि भूकंप थांबला. (बटणावर थांबणारा भूकंप जिल्ह्यानं पहिल्यांदाच पाहिला.)

पण कुणी हसलं नाही. शिव्या खायची माझी तयारी होती, त्याही कुणी दिल्या नाहीत. देशमुखवहिनी खाली बसल्या होत्या, त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि आई माणसं मोजत होती. "सुलू हाय. पोरं हायती. जब्बार हाय. गोदी..." एवढं म्हणून ती थांबली. मग तिनं कॅसेट पदरात गुंडाळली. मला रडू आलं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण त्या गल्लीत ते तोंडातून काढायची सोय नव्हती.

आई घरात यायला तयार होईना. ओट्यावरच जेवली, ओट्यावरच बसून राहिली. "एवढं शिकून असलं कसं आणलंस रे?" तिनं एकदाच विचारलं. संध्याकाळी जब्बारभाई परत येऊन वूफरसकट सगळा सेट घेऊन गेले आणि तो पहिला, छोटा सेट लावून गेले. "चूक माझी बी हाय सर," ते म्हणाले. "पण अम्मांसमोर तुम्हीच उभे राहा."

शेवटी सुलभानं आईला हाताला धरून आत आणलं. मी कॅसेट घातली. खरखर गेली होती. हळदीची सगळी गडबड जशीच्या तशी खोलीत आली. बांगड्या, बायकांचं हसणं, कुणीतरी पाणी मागत होतं. मग मावशीनं गाणं धरलं, आणि तिच्या आवाजावर दुसरा एक आवाज चढला.

"हॅलो, हॅलो, चेक. येतोय का आवाज? हॅलो."

तो मी होतो. कॉलेजात जाणारा, गाण्यापेक्षा यंत्राचं कौतुक असलेला. इतकी वर्षं जी टेपची खरखर समजत होतो, तिच्यात निम्मा मीच होतो. गाणं माझ्या हॅलोखाली दबत गेलं. मी बंद करायला उठलो. आईनं हातानंच बस म्हटलं. आणि चुरगळलेली फीत यायच्या जरा आधी मावशी गाता गाता थांबली आणि अगदी लख्ख आवाजात म्हणाली,

"ए गाढवा, सरक की तिकडं. गाऊ दे मला."

गाणं आईला पाठ होतं, पण जुन्या टेपच्या खरखरीत हे वाक्य तिनं कधी ऐकलंच नव्हतं. गेलेली बहीण तिच्यासमोर काहीतरी नवीन बोलली होती.

"परत लाव," आई म्हणाली.

मी लावलं.

"परत." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अशीच म्हनायची बघ. अगदी अशीच."

तेव्हापासून रविवारची वाट बघणं बंद झालं. आई रोज सकाळी दार उघडून तेवढंच वाक्य लावते, आणि पोरं ते ऐकून माझ्या क्लासला येतात. सेट उत्तम निघाला. आवाज इतका स्वच्छ आहे, की गाढव कोण, हे गल्लीत कुणाला विचारावं लागत नाही.