इंजिनावरची पाचवी खूण

गंगाखेडात परभणी रोडला मालनबाईचं जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. बाहेरून बघाल तर नुसतं भंगार. पण पुण्याहून, हैदराबादहून जुन्या जिपांचे शौकीन लोक तिला मोबाइलवर फोटो पाठवतात आणि विचारतात, "मावशी, हा माल असली का नकली?" आणि ती सांगते. चौथी नापास बाई, पण लोखंड वाचते! अंगावर उठून आलेलं अक्षर म्हणजे साच्यात ओतलेलं. अक्षर महिन्याचं, शेजारचा आकडा सालाचा. आत दबलेला नंबर म्हणजे कारखान्यात हातोडीनं ठोकलेला. तो कधी एका ओळीत नसतो, एखादा आकडा हमखास खाली घसरलेला असतो. फार सरळ, देखणा नंबर दिसला की मालनबाई म्हणते, "लय नटलाय ह्यो. नकली हाय."

तुम्हाला वाटेल, काय ही हौस बाईमाणसाला! हौस कसली डोंबलाची. तिला एक इंजिन शोधायचं होतं.

तिचा नवरा भागवत जीप चालवायचा. गंगाखेड ते पोखर्णी, पोखर्णी ते गंगाखेड, माणसं भरून. सगळ्यांनी जिपांना डिझेल इंजिन बसवून घेतलं, ह्यानं नाही. कारखान्यातून आलेलं मूळ पेट्रोल इंजिनच ठेवलं आणि बायकोपेक्षा जास्त त्याला जपलं. इंजिन स्वतः खोलायचा, स्वतः बसवायचा, आणि दर वेळी नंबराच्या खाली छिन्नीनं एक तिरपी रेघ मारून शेजारी साल ठोकायचा. डावखुरा होता, त्यामुळं रेघ उलटी कलायची. अशा तीन खुणा मालनला पाठ होत्या: अठ्ठ्याण्णव, एक आणि पाच.

दोन हजार सहा साली एका शनिवारी सकाळी तो जीप घेऊन निघाला तो गेलाच. माणूस नाही, गाडी नाही. पोलिसांनी बेपत्ता लिहिलं आणि हात झटकले. गावानं मात्र हात झटकले नाहीत, गावाला तेवढंच काम! म्हणे बाई घेऊन पळाला, तेलंगणाच्या अंगाला दिसला. मालन एकेकीच्या दारात जाऊन भांडली. "माझा माणूस पळनाऱ्यातला न्हाई! त्याला कुनीतरी मारलं अन् गाडी नेली!" पाण्यावर गेली की बायका गप्प व्हायच्या. त्या गप्प होण्याची तिला शिवीपेक्षा जास्त चीड यायची.

तेव्हा हे दुकान सूर्यभानकाकांचं होतं. म्हातारा सरळ बोलणारा. तो म्हणाला, "पोरी, जीप चोरली असंल तर आज ना उद्या तुकडे होऊन भंगारात येईल. चोर पहिला नंबर घासतेत. तुझ्या गाडीचं इंजिन नंबर घासलेलं घावलं, तर तुझं खरं." दुसऱ्या दिवशी मालन त्याच्याकडं कामाला लागली. दुकानात येणारं प्रत्येक इंजिन धुवायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, वाचायचं. काका वारले, दुकान तिच्याकडं आलं, केस पिकले. चार वर्षांची माधवी तेवीस वर्षांची झाली आणि आईच्या शेजारी बसून तीही लोखंड वाचायला शिकली. बाबाच्या इंजिनाचा नंबर तिला पाढ्याआधी पाठ झाला होता. सासू दगडाबाई तर रोज दुपारी भाकर देताना विचारायची, "आज काय घावलं का गं?" एकोणीस वर्षं! आणि ही बाई रोज देवाला काय मागायची, तर नवरा मेलेला निघू दे. असलं मागणं मागायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

परवाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माधवी पार्सल टाकायला परभणीला गेलेली. महारुद्र टेम्पोवाल्यानं तीन इंजिनं आणून टाकली आणि चहा पीत बसला. मालननं तिसऱ्यावर रॉकेल ओतलं, ब्रश मारला. ओतीव अक्षर दिसलं: एफ, शेजारी चौसष्ट. एफ म्हणजे जून. तिचा हात थांबला. भागवतचं इंजिन जून चौसष्टचंच होतं. आता घासलेली जागा दिसणार म्हणून तिनं पदरानं वरचं ग्रीस पुसलं.

नंबर शाबूत होता. एकूण एक आकडा, चारचा पाय खाली घसरलेला, जसा हवा तसा.

"घावला!" असं ती ओरडली म्हणतात. महारुद्रच्या हातातला चहा सांडला. "काय घावलं, अक्का?"

"कुठून आनलंस रं हे?"

"निजामाबादकडच्या शेडातून. मालकानं डिझेल बसवलं म्हनं, हे काढून टाकलं."

"मालकाचं नाव?"

"आता त्याचं नाव ईचारायला मी काय सोयरीक करायला गेलतो व्हय?"

ती हसली नाही. नंबर कुणीच घासला नव्हता. बरं, भोळ्या चोरानं घासला नसेल, असंही मनाला समजावता आलं असतं. तिनं समजावलंही. मग नंबराखालचं ग्रीस पुसलं. अठ्ठ्याण्णव. एक. पाच. त्याखाली नऊ. त्याखाली चौदा. पाचही रेघा उलट्या कललेल्या.

तिनं महारुद्रला काहीतरी बोलून लावून दिलं आणि शटर निम्मं ओढलं. अगं बाई, आठ वर्षं! घर सोडून गेल्यावर आठ वर्षांनी तो हे इंजिन खोलून बसला होता, हौसेनं छिन्नी मारत होता. जिवंत होता, ठणठणीत होता, निजामाबादला होता, रेल्वेत बसलं तर दिवस मावळायच्या आत पोचता येतं तिथं. इकडं पोरीला ताप आला, सासूचा पाय मोडला, बायकांनी हळदीकुंकवात हिला शेवटी बसवलं, आणि हा इंजिनाची मापं काढत होता. तिला रडू यायच्या आधी लाज वाटली. कुणाकुणाच्या दारात जाऊन ती याच्यासाठी भांडली होती, ती दारं तिच्या डोळ्यांपुढं येऊ लागली.

आणि मग तिला माधवी आठवली. पोरगी शाळेत कुणाचं ऐकून घ्यायची नाही, "माझ्या बाबाला चोरांनी मारलंय" असं मान वर करून सांगायची. ती परभणीहून तीनच्या एसटीनं येणार होती. घड्याळात दोन वाजून गेले होते.

मालननं ग्राइंडरचं बटण दाबलं. लाईट नव्हती! तिनं कानस घेतली आणि हातानं घासायला बसली. नंबर घासला. नऊ घासला. चौदा घासताना कानस सटकली, बोटांची सालटी निघाली, तरी थांबली नाही. "मर की रं, मर की आता तरी," असं ती दात खाऊन पुटपुटत होती. घासून झाल्यावर गंज चढावा म्हणून मिठाचं पाणी ओतलं, वरून काळं ग्रीस आणि माती चोळली. वरच्या तीन खुणा तेवढ्या ठेवल्या, ओळख पटायला.

माधवी आली, शटरखालून वाकून आत शिरली आणि इंजिन बघून जागच्या जागी उभी राहिली. जवळ बसून तिनं अक्षर वाचलं, तीन खुणा वाचल्या.

"आई. बाबाचं हाय."

"व्हय."

"नंबर घासलाय."

"व्हय गं, पोरी."

"म्हंजे तूच खरी. मारलंच त्यांनी बाबाला." तिनं आईला मिठी मारली आणि दोघी रडल्या. मालनचं रडणं तर खरंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

मग डोळे पुसून माधवीनं सवयीनं ग्रीस बाजूला सारलं आणि घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"ऱ्हाऊ दे की आता, कशाला हात लावायलीस!" मालन म्हणाली, जरा घाईनंच.

माधवीनं बोट उजेडात धरलं. जुनं घासलेलं असलं की बोटाला तांबडा गंज लागतो, आजचं असलं की करडी लोखंडाची भुकटी. हे तिला आईनंच शिकवलेलं. ती बोटाकडं बघत राहिली, मग आईच्या सोललेल्या बोटांकडं.

"आई, पाचच्या खाली काय होतं?"

मालननं मान खाली घातली. "दोन खुना होत्या."

"शेवटची कोन्त्या सालाची?"

"चौदा."

माधवीनं बोट ओढणीला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

"मी सातवीत होते तवा," ती म्हणाली. "त्या वर्षी मी पोखर्णीच्या नरसिंहाला उपास धरले होते. बाबाला मारनारा मरू दे म्हनून."