गयामावशीची सोबत

घाबरलेल्या माणसाला गयामावशी दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जायची आणि डॉक्टर दात काढत असताना त्याच्या पायाचा अंगठा घट्ट धरून उभी राहायची. वसमतच्या त्या दवाखान्यात खुर्चीच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला त्यांची मदतनीस, त्यामुळे मावशीला जागा उरायची ती पायाशी. "डोस्क्यातलं भेव पायात उतरू द्याचं," ती म्हणायची, "मंग म्या हावच की धराया." आमच्या गावाचे, अर्ध्या कुरुंद्याचे अंगठे तिने असे धरले असतील.

आमच्या शाळेत ती खिचडी शिजवायची आणि मी तिथेच शिकवते. तिने गावाला सोबत केली, आणि मला ठाऊक आहे तेवढ्यात स्वतःसाठी सोबत एकदाच मागितली, ती माझ्याकडे. मी गेले नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लिहितालिहिता मी ते कुठेतरी दडवीन, मी काही कमी लबाड नाही.

माझी आणि तिची खरी ओळख दाढेपायीच झाली. मी नोकरीला लागून चौथं वर्ष असेल. दाढ इतकी ठणकायची की फळ्याकडे तोंड करून मी डोळे पुसायची. दोनदा दवाखान्याच्या पायऱ्या चढले आणि आतून त्या मशीनचा आवाज आला की तशीच उतरले. घरी सांगितलं, डॉक्टर नव्हते. ही थाप घरच्यांनी पचवली, मावशीने पचवली नाही. एका दुपारी ती उलथनं हातात घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, काहून गाल धरून राहिल्या? दाढ हाय ना? बुधवारी डॉक्टर येतेत नांदेडहून. नऊच्या एश्टीनं निघू."

"मावशी, मला जमणार नाही. भीती वाटते."

"मला बी वाटती. म्हनून तर दोघी जाऊ."

जाण्याआधी तिने मला समोर बसवून दोन भाकरी खाऊ घातल्या. उपाशी माणसाला भेव लवकर धरतं, असं तिचं म्हणणं. खुर्चीत बसल्यावर तिने डॉक्टरांना दम भरल्यासारखं सांगितलं, "बाईचा अंगठा हल्ला की तुमी थांबायचं. ठरलं?" डॉक्टर तरुण होते, त्यांनी हसून मान डोलावली. मग ती मला म्हणाली, "आता डोळे मिटा अन् मनात हजेरी घ्या. येक नंबरपसून."

मी खरंच हजेरी घ्यायला लागले. माझ्या वर्गात एकोणिसाव्या नंबरचं पोरगं कायम गैरहजर असायचं. त्याच्यापाशी आले, सवयीने चिडले, आज का नाही आला म्हणून मनातल्या मनात आईबापांना निरोप धाडायला लागले, तोवर डॉक्टर म्हणाले, "झालं, मॅडम." दाढ ट्रेमध्ये पडली होती. मावशी माझा अंगठा सोडायलाच तयार नव्हती. तिचे हात माझ्यापेक्षा जास्त गार पडले होते, हे मला तेव्हा कळलं आणि लगेच विसरलेही.

प्रत्येकाला ती वेगळं काम द्यायची. गावात एक आबा होते, झुपकेदार मिशांचे, हळदीच्या रानात निघालेला साप हाताने धरून बाहेर सोडणारे. सुई दिसली तसे ते खुर्चीतून उठून थेट रस्त्यावर गेले. मावशीने त्यांना हाताला धरून परत आणलं. "आबा, मनात तुमच्या हळदीच्या सऱ्या मोजा. येक बी चुकली तर पुन्हा पयल्यापसून." आबांनी इतक्या वेळा अंगठा हलवला की डॉक्टर कंटाळले. मावशीने त्यांनाच समजावलं, "थांबा वो डॉक्टर. थांब म्हनलं की समोरचा थांबतो, येवढं कळलं तरी माणूस अर्धा बरा व्हतो." पुढे कितीतरी दिवस आबा चावडीवर सांगायचे, दात काढताना आपल्याला काहीच झालं नाही. मावशी पदर तोंडाला लावून हसायची, पण तिने कधी आबांचं बिंग फोडलं नाही.

हे सगळं ती का करते, असं मी एकदा तांदूळ निवडताना विचारलं. तिची थोरली बहीण पुसेगावला दिली होती. तिची दाढ दुखायला लागली, तर भीतीपोटी ती घरातच शेक घेत बसली. सूज गालावरून गळ्याशी उतरली आणि आठ दिवसांत ती गेली. "दाढंनं न्हाई मेली बाई, भेवानं मेली," मावशी म्हणाली. "तिला कुनीतरी 'चल' म्हनाया पाह्यजे व्हतं." एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचायला लागली.

या बाईला एक खोड होती, मिसरीची. खिचडीचं पातेलं उतरवलं की ती भिंतीआड जाऊन दातांना मिसरी घासत बसायची. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड एका गोल डबीत तिच्या कंबरेला असायची. मी पोरांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवायची आणि खिडकीतून मावशी दिसायची. मी रागावले तर म्हणायची, "बाई, समदं सोडलं. नवरा गेला, दागिनं गेलं, लेक पुन्याला गेला. ही येक ऱ्हाऊ द्या." वसमतला जायच्या दिवशी मात्र ती डबी घरी ठेवायची आणि लिंबाच्या काडीने दात घासून यायची. डॉक्टर एकदा सहज म्हणाले, मावशी, तुमचंही तोंड बघू. तर ती दारापर्यंत मागे सरकली. "माजे काय बघता? चार दात उरलेत, ते बी पाव्हणे." सगळे हसले. मीही.

मग तो मंगळवार. शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. कामाचं बोलायचं असलं की ती दारातूनच ओरडायची, त्या दिवशी जवळ येऊन उभी राहिली.

"बाई, उंद्या वसमतला येता का माज्यासंग? गालात आतून कायतरी झालंय. तिखट लागलं की आग व्हती. डॉक्टरला दाखवावं म्हनते."

माझ्यासमोर शाळेची ऑनलाइन माहिती भरायचा ढीग होता, आणि ती माहिती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायला हवी होती. मी मान वर करून हसले आणि म्हणाले, "अहो मावशी, तुम्हाला कशाला हवी सोबत? तुम्ही तर अख्ख्या गावाला नेता!"

मग तीही हसली. "व्हय, ते बी बराबरच हाय," म्हणाली आणि पदर सावरत गेली.

गुरुवारी मी विचारलं. "दाखवलं," ती म्हणाली. "कायबी न्हाई म्हनले. गुळण्या कराया सांगितल्यात." मला हायसं वाटलं. सोबत गेले नाही याची टोचणी होती, तीही गेली.

नंतरच्या महिन्यांत ती खिचडीची चव स्वतः घेईनाशी झाली. आधी तळहातावर चार शितं घेऊन मीठ बघायची, आता माझ्यापुढे पळी धरायची. "तुमीच सांगा बाई, माजी जीभ म्हातारी झाली." मी चव बघून मीठ सांगत राहिले. रोज एक हात अंतरावर उभी होते आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. हिवाळ्यात तिचा गाल बाहेरून दिसण्याइतका सुजला, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. लेक पुण्याहून आला आणि तिला नांदेडला घेऊन गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, कॅन्सर गळ्यापर्यंत पोचलाय, फार उशीर केलात.

मी भेटायला गेले तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मी माफी मागायला गेले होते, पण शेजारी लेक बसलेला, नळ्या, नर्सची येजा. मी तिला गावातल्या गोष्टी सांगत बसले. आबांचा पुढचा दात हलायला लागला म्हटल्यावर ती डोळ्यांनी हसली. पंधरा दिवसांनी ती गेली. शाळेला सुट्टी नव्हती, तिच्या जागी शिजवणारी शेजारीण मातीला गेली म्हणून त्या दिवशी खिचडी शिजली नाही एवढंच. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी राहिली आणि त्यांना परत वर्गात पाठवताना मी सगळ्यांदेखत रडले.

तेराव्यानंतर मी वसमतला गेले, ती त्या डॉक्टरांशी भांडायला. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. मावशी तुमच्याकडे आली होती. तिच्या तोंडात एवढं होतं आणि तुम्ही गुळण्या करायला सांगून परत पाठवलं? डॉक्टर कसले तुम्ही? खरं सांगायचं तर मला कुणीतरी गुन्हेगार हवा होता, आणि तो मी नको होते.

डॉक्टर आत होते. बाहेर नंबर लावणाऱ्या ताईंनी मला ओळखलं. मावशी गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी रागाने विचारलं, "त्या बुधवारी त्यांना तपासलं तेव्हा डॉक्टरांना काही दिसलं नाही?"

"तपासलं कुठं, मॅडम?" ताई म्हणाल्या. "मावशी आल्या होत्या, पण आत गेल्याच नाहीत. सकाळी दहालाच येऊन त्या कोपऱ्यात बसल्या. नंबर आला की म्हणायच्या, यांना जाऊ द्या आधी. असं दिवसभर माणसं पुढं सोडत राहिल्या. पाचला आम्ही आवरायला लागलो तेव्हा मी म्हटलं, मावशी, आता तरी चला, सोबत कुणी नाही का तुमच्या? तर म्हणाल्या, आमच्या बाई येऊन राहिल्या मागून. त्या आल्या की बसते."

मी डॉक्टरांना न भेटताच बाहेर पडले. त्या बुधवारी दुपारी शाळेतलं इंटरनेट बंद पडलं होतं. माहिती भरायचं काम अर्धवट टाकून मी दोन वाजताच घरी आले होते आणि पंखा लावून झोपले होते. वसमतची एसटी माझ्या दारावरूनच जाते.